ओरखडा गेला, पण रंग धुरकट झाला: गाडीची चमक परत कशी आणायची

गाडीच्या दारावरचा ओरखडा रबिंग कंपाउंडने, म्हणजे रंग घासणाऱ्या कणांच्या पेस्टने, घासून काढला. हात फिरवला तर गुळगुळीत लागतंय. पण दुसऱ्या दिवशी उन्हात बघावं तर त्या जागी ताटाएवढा पांढुरका, धुरकट डाग. आजूबाजूचा रंग आरशासारखा, आणि मधेच काचेवर वाफ धरावी तसा पट्टा.

माझ्या गडद निळ्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर नेमकं हेच झालं. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी दुचाकीचं हँडल घासून गेलं होतं, वीतभर लांब ओरखडा. २००० नंबरचा पाणी पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासायचा कागद; नंबर जितका मोठा तितका बारीक), डबीतलं रबिंग कंपाउंड आणि जुनी बनियन घेऊन मी रविवारी संध्याकाळी बसलो. तळघरातल्या ट्यूबलाइटखाली काम झकास दिसत होतं. सोमवारी सकाळी गाडी उन्हात काढली आणि पोटात गोळाच आला. पुढच्या रविवारी तेच कंपाउंड आणखी जोर लावून घासलं, तर डाग आणखी पसरला.

म्हणून सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती: डाग दिसला की लगेच पुन्हा घासायला बसू नका. धुरकटपणाची कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यातल्या एका प्रकारात तर घासणं हाच अपाय आहे. आधी कारण ओळखायचं, मग हात लावायचा.

रंग धुरकट का दिसतो

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे आपली सगळी घासाघीस कागदाच्या निम्म्या जाडीच्या थरावर चालते, आणि घासलेला थर परत येत नाही.

ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या भोवतीचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. त्यासाठी पेपर किंवा कंपाउंड वापरतो, आणि त्यातले कण जाता जाता स्वतःच्या रेघा मागे ठेवतात. २००० नंबरच्या पेपरवरचा कण साधारण १० मायक्रॉनचा असतो. प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. त्यामुळे बोटाला अजिबात न जाणवणारी रेघसुद्धा प्रकाशाला भलीमोठी चरी असते. प्रकाश सरळ परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि आपल्याला पांढुरकं दिसतं. नवं स्टीलचं ताट आणि वर्षभर तारेच्या घासणीने घासलेलं ताट शेजारी ठेवून बघा. धातू तोच, पण एकात तोंड दिसतं आणि दुसऱ्यात नुसता पांढरा धूर.

बहुतेक वेळा हा डाग म्हणजे अर्धवट राहिलेलं काम असतं. सुतार जाड पॉलिश पेपर मारून थेट लाखेचा हात फिरवत नाही. आधी मधला पेपर, मग बारीक. गाडीचंही तसंच आहे. प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीच्या रेघा पुसायच्या असतात. आपण पहिल्या पायरीवरच थांबलेलो असतो.

गडद रंगावर हे लगेच डोळ्यांत भरतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही झालेलं असतं, फक्त पटकन दिसत नाही. त्यामुळे पांढऱ्या गाडीवाल्यांनी टॉर्च लावून बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नये.

आधी धुवा, पुसा आणि नीट बघा

गाडी कार शाम्पूने धुवून मऊ मायक्रोफायबरने लगेच कोरडी करा. बोअरचं जड पाणी अंगावरच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि तेच धुरकटपणा वाटतात. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसल्यावर निघतात. नंतर ती जागा साध्या पाण्याने धुवायची.

मग खरी तपासणी. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तीन भाग, असं स्प्रेच्या बाटलीत मिसळा. डागावर फवारा, दहा-पंधरा सेकंद थांबा, स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन वर थर ठेवून जातं. नुकत्याच रंगवलेल्या भागावर हा प्रयोग नको.

हे पुसणं का गरजेचं, तर कंपाउंडमध्ये तेलकट द्रव असतो. तो रेघांत बसून त्या झाकतो, किंवा वाळून पांढरी पावडर होऊन बसतो. पुसल्यावर दोनपैकी एक होतं. कधी डागच निघून जातो, म्हणजे ते नुसतं वाळलेलं कंपाउंड होतं आणि काम तिथेच संपलं. कधी डाग आधीपेक्षा जास्त दिसतो, म्हणजे तेलाने झाकलेलं आता उघडं पडलं. दुसरं झालं तर घाबरू नका. खरी स्थिती दिसल्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही.

गॅरेजमधून बफिंग करून आणलेली गाडी आठवड्याभर झळकते आणि दोन धुण्यांनंतर धुरकट होते, त्यामागेही बरेचदा हेच असतं. रेघा तेलाने भरलेल्या असतात, काढलेल्या नसतात. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवून आलेली चमकही याच जातीची.

बघायचं ते मोबाइलच्या टॉर्चने. दीड फुटावरून टॉर्च तिरका धरा, डोळा दुसऱ्या बाजूला न्या आणि उजेडाच्या गोळ्याच्या कडेला काय दिसतं ते बघा. ट्यूबलाइटचा उजेड पसरट असतो, त्यात सगळंच छान दिसतं. सकाळचं ऊन सगळ्यात खरं बोलतं.

डाग कुठल्या प्रकारचा आहे

अगदी बारीक, सगळीकडे सारखी धूसरता, जवळून पाहिलं तर केसाहून बारीक वेड्यावाकड्या रेघा: हे कंपाउंडचे किंवा खरखरीत फडक्याचे व्रण. सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात सोपा प्रकार. फिनिशिंग पॉलिशने, म्हणजे अतिबारीक कणांच्या पॉलिशने, जातो.

धूसरतेच्या आत समांतर, सरळ रेघा, एकाच दिशेच्या: या पाणी पेपरच्या रेघा. कंपाउंडने वरवरचं चकाकलं, पण खोल रेघा तशाच राहिल्या. माझ्या दाराचं हेच झालं होतं.

उन्हात डोकं हलवलं की सोबत सरकणारे, मोरपिसासारखे पट्टे: हे रोटरी मशीनचे, ज्यांना होलोग्राम म्हणतात. मशीन एकाच गतीने गोल फिरतं, लोकरीचा पॅड असतो आणि शेवटची मऊ पॅडची फेरी राहिलेली असते. खोली फार नसते, डीए मशीन (फिरता फिरता हलणारं पॉलिशर, पुढे सांगितलं आहे) आणि मऊ पॅडने निघतात.

ठळक कडेचा मॅट पट्टा, कितीही पॉलिश केलं तरी तसाच, बहुधा दाराच्या कडेला किंवा पत्र्याच्या उठावदार धारेवर, आणि घासताना पॅडवर गाडीचा रंग येतो: हा वाईट प्रकार. क्लिअर कोट संपला आहे. हात थांबवा. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

स्प्रे कॅनने टच-अप केल्यावर दुधासारखा, आतून आलेला पांढरेपणा: पावसाळी हवेत रंग मारल्याचा परिणाम. आणि नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर पॉलिश करून चकाकी आली, पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मंदावली, तर रंग अजून आतून सुकतो आणि आक्रसतो आहे.

डागावर पाणी मारून बघा, चमकला तर क्लिअर कोट शाबूत आहे, असा सल्ला फार दिला जातो. त्यावर विसंबू नका. पाणी बारीक रेघाही भरतं आणि क्लिअर कोट गेलेली खरखरीत जागाही ओली करून चमकवतं. दोन्ही सारखंच दिसतं. पॅडवर येणारा रंग जास्त विश्वासाचा. त्यालाही एक अपवाद आहे: जुन्या, साध्या सॉलिड रंगाच्या काही गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच, तिथे रंग येणारच. खात्रीसाठी गाडीच्या न बिघडलेल्या, आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. तिथेही रंग आला तर गाडी एकथरी रंगाची आहे.

तुमच्या ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडे जाडी मोजायचं मीटर असेल तर दोन मिनिटं मागून घ्या. डागाजवळच्या चांगल्या भागाचं माप आणि डागाचं माप यांतला फरक बघायचा. २०० मायक्रॉनच्या बराच वर आकडा गेला तर तिथे पूर्वी लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असण्याची शक्यता मोठी. ८० च्या आसपास किंवा खाली असेल तर आणखी घासायचा विचार सोडा. साधं मीटर फक्त धातूवर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

आणि गाडीला मुळातच मॅट फिनिश असेल तर पॉलिश हा शब्दही काढू नका. तिथे पॉलिश म्हणजे कायमचा चकचकीत डाग.

सामान घेताना

दुकानात "पॉलिश द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हातात वॅक्स किंवा सिलिकॉनचं चमकवणारं पाणी पडतं. त्यात कापणारे कण नसतात, त्यामुळे रेघ जात नाही, फक्त झाकली जाते. आपल्याला हवं ते फिनिशिंग पॉलिश, अतिबारीक कणांचं. मेग्वायर्सचं एम२०५ किंवा मेंझर्नाचं ३८०० ही त्या जातीची उदाहरणं. खोल रेघा असतील तर त्याआधीचं मध्यम कंपाउंडही लागेल. शक्यतो दोन्ही एकाच कंपनीचं घ्या, कुठलं कशानंतर वापरायचं हे बाटलीवरच कळतं.

फोमचे पॅड तीन प्रकारचे मिळतात: कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशेब वेगळा असतो. बोटाने दाबून बघा. फिनिशिंगचा पॅड ब्रेडच्या लादीसारखा मऊ लागतो. प्रत्येक उत्पादनाला वेगळा पॅड, आणि एका जातीचे किमान दोन. पाच-सहा चांगली मायक्रोफायबर फडकी घ्या, त्यांची लेबलं कापून टाका, ती हमखास ओरखडे पाडतात. गाडी पुसायचं पिवळं फडकं आणि जुनी बनियन या कामातून हद्दपार करा. टूथपेस्टही नको. ती दातांसाठी बनवलेली, तिचे कण क्लिअर कोटसाठी मोजूनमापून केलेले नाहीत.

मशीन घ्यायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. ते फिरतंही आणि हलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवख्या हातात रोटरी नको. ड्रिलला जोडायचा पॅडही नको, तो रोटरीच असतो, फक्त ताबा त्याहून कमी. ताटाएवढ्या एका डागासाठी मशीन नसलं तरी चालतं, हाताने होतं.

मशीनने पॉलिश करण्याची पद्धत

वेळ सकाळची, सात ते दहा, सावलीत. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवा, चटका लागला तर थांबा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या पत्र्यावर पॉलिश टाकलं की क्षणात वाळतं, कण नीट काम करत नाहीत आणि पुसताना नवे ओरखडे पडतात.

बोटांनी चाचपून बघा. खरखर लागली तर आधी क्ले बार (रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी) फिरवा, भरपूर ओला करून. नाहीतर चिकटलेला कण पॅडखाली फिरत राहील. कडा, धारा, काळं प्लास्टिक आणि रबर यांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. काळ्या प्लास्टिकवर पॉलिश वाळलं तर पांढरे डाग काढता काढता जीव जातो.

आता चाचणीचा चौकोन. डागाचा एक कोपरा, दीड फूट बाय दीड फूट, त्याहून मोठा नको. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य जोडीने करायची, म्हणजे फिनिशिंग पॉलिश आणि मऊ पॅड. डाग गेला तर कमीत कमी क्लिअर कोट गेला. नाहीच गेला तर एक पायरी वर, मधला पॅड. तरीही नाही तर कंपाउंड. उलट दिशेने, जहालपासून सुरुवात केली की कळायच्या आत थर उडालेला असतो.

नव्या पॅडला आधी पॉलिशचा पातळ हात द्या, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. पॅड पत्र्यावर टेकवा आणि मगच मशीन चालू करा, नाहीतर थेंब भिंतीवर. मशीनच्या वेगाचा डायल १-२ वर ठेवून पसरवा, मग ४ वर काम. मशीन दोन-तीन सेंटिमीटर सेकंदाला इतक्या सावकाश सरकवायचं, आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. अशा चार ते सहा फेऱ्या. शेवटच्या दोन फेऱ्या डायल ३ वर, जवळपास नुसत्या मशीनच्या वजनावर. धुरकटपणा जातो तो या शेवटच्या हलक्या फेऱ्यांत, म्हणून त्या गाळू नका.

दाब किती द्यायचा हे सांगणं अवघड, पण बघणं सोपं. पॅड ज्या तबकडीला लागतो तिच्या कडेवर मार्करने एक उभी रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबली म्हणजे दाब जास्त झाला किंवा पॅड वाकडा धरलाय. तेव्हा मशीन नुसतं जागच्या जागी थरथरतं आणि जवळपास काहीच कापत नाही.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. कापला गेलेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश पॅडवर गोळा होतं आणि त्याच गाठी नव्या रेघा पाडतात. पॉलिश उत्तम, पॅड उत्तम, तरी धुरकटपणा जात नाही अशी तक्रार असेल तर मी आधी पॅड उलटा करून बघायला सांगेन.

मग अल्कोहोलच्या पाण्याने पुसा आणि टॉर्चने बघा. दर वेळी, न चुकता. त्याशिवाय केलेला अंदाज हा तेलाच्या चकाकीवरचा अंदाज असतो.

हाताने करताना फोमचा अ‍ॅप्लिकेटर घ्या आणि तळहाताएवढाच भाग धरा. मध्यम दाबाने दोन मिनिटं उभे-आडवे हात, गोल गोल नको. पुसा, बघा, पुन्हा करा. चार-पाच वेळा करावं लागतं, खांदा भरून येतो, पण होतं. शेवटचे हात गाडीच्या लांबीच्या दिशेने, हलके; त्या दिशेच्या बारीक रेघा डोळ्यांना कमी दिसतात.

पाणी पेपरच्या रेघा राहिल्या असतील तर

दोन रविवार फुकट गेल्यावर मी गाडी एका जुन्या पेंटरकडे नेली. काकांनी डाग ओला केला, टॉर्च तिरका धरला, पाणी ओघळून वाळेपर्यंत नुसतं बघत राहिले. मग मला खाली बसवून म्हणाले, "साहेब, हे बघा, आडव्या रेघा. हा पेपर आहे. कंपाउंडनं तुम्ही रेघेचं डोकं चमकवलंय, रेघ तशीच आहे. ३००० मारा परत, मग कंपाउंड, मग बारीक. मधली पायरी गाळली की रेघ राहतेच."

तसंच केलं. ३००० नंबरचा पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवला, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकले. पेपर बोटांनी थेट धरायचा नाही, बोटांचे दाब उमटून चर पडतात. मऊ फोमच्या ठोकळ्याला गुंडाळायचा. आधीच्या रेघा आडव्या होत्या म्हणून आता उभे हात मारले, हलके, सतत ओलं ठेवून. याचा मोठा फायदा असा की जुन्या आडव्या रेघा संपल्या का हे लगेच कळतं. नव्या उभ्या रेघांत एखादी आडवी उरली तर ती वेगळी दिसते. जागा सारखी, एकजीव मॅट झाली की थांबायचं. त्याच्या पुढे एक हातही नको. मग मधल्या पॅडवर कंपाउंड, मग मऊ पॅडवर फिनिशिंग पॉलिश. तिसऱ्या रविवारी दुपारी दार उन्हात नेलं आणि त्यात समोरच्या गुलमोहराची फांदी पानापानांसकट दिसली.

एक मात्र राहिलं. खालच्या उठावदार धारेवर, जिथे मी दुसऱ्या रविवारी जोर काढला होता, तिथे पॅडवर निळा रंग आला. अंगठ्याएवढी जागा. तिथे मी मशीन बंद केलं.

क्लिअर कोटच गेला असेल तर

पॅडवर निळा, लाल, जो असेल तो रंग येतोय म्हणजे आपण बेस कोट घासतोय. बेस कोटला स्वतःची चकाकी नसते. पुढे प्रायमर, आणि मग पत्रा. कुठलंही पॉलिश, वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग हा थर परत आणत नाही. वॅक्सने चार दिवस बरं दिसेल इतकंच.

अंगठ्याएवढी जागा असेल तर टच-अपच्या क्लिअर कोटचा पातळ हात ब्रशने देऊन ती हवापाण्यापासून वाचवा. दिसेल, पण रंग उडणार नाही. डाग मोठा असेल तर पेंटरकडे जा आणि क्लिअर कोट पूर्ण पॅनेलवर, जोडापासून जोडापर्यंत मारायला सांगा. पॅनेलच्या मधोमध क्लिअर कोटची कड विरवून सोडली की ती काही काळाने पुन्हा धूसर रेघेसारखी उठते. बेस कोटही लागणार असेल तर रंगाचा कोड बघून द्या. तो बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो.

विम्यातून करायचा मोह होतो. त्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सवलत, बघा. तो पहिल्या वर्षाला २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. एका दाराचा खर्च आणि पुढच्या वर्षांत ओन डॅमेज हप्त्यावर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) जाणारी सवलत, दोन्ही आकडे कागदावर मांडून मगच ठरवा.

पावसाळा आणि ताजा रंग

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत जुलैमध्ये स्प्रे कॅनने टच-अप करणं म्हणजे पांढरेपणाला निमंत्रण. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. हा पांढरेपणा आतला असल्याने वरून पॉलिश करून जात नाही. हलका असेल तर कोरड्या, उबदार दिवशी त्याच जातीचा अगदी पातळ हात पुन्हा मारल्यावर थर सैल होऊन पाणी निघून जातं. जास्त असेल तर घासून पुन्हा मारणं आलं. थांबता येत असेल तर दसऱ्यापर्यंत थांबा.

गॅरेजमध्ये रंगवलेला भाग हवेवर सुकवलेला असेल तर किमान महिनाभर वॅक्स किंवा सिरॅमिक चढवू नका. आतलं थिनर बाहेर पडायचं असतं. या काळात चमक थोडी बसली तर ती जागा महिन्याने फिनिशिंग पॉलिशने एकदा करा. रोज उठून घासाल तर रोज बसेल आणि थर मात्र कमी होत जाईल.

चमक आल्यावर

शेवटच्या अल्कोहोल-पुसणीनंतर क्लिअर कोट उघडा असतो. त्याच दिवशी सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप) किंवा चांगलं वॅक्स लावा, पातळ. वॅक्स वर्षातून तीन-चार वेळा लागतं, सीलंट जरा जास्त टिकतं. रेघा राहिलेल्या असताना त्यावर सिरॅमिक करून घेऊ नका. त्या खाली तशाच राहतात आणि पुन्हा हात लावायचा तर आधी कोटिंग घासून काढावं लागतं.

आणि सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या दादांशी बोला. एकाच बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात, आणि पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीच्या क्लिअर कोटवर फिरते. महिनाभरात पॉलिश केलेल्या दारावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसायला लागतात. त्यात दादांचा दोष नाही, त्यांना वेळ आणि पाणी दोन्ही मोजून मिळतं. मी माझ्या गाडीपुरती तीन मायक्रोफायबर फडकी डिकीत ठेवली आणि सांगितलं, "दादा, कोरडं पुसू नका. धूळ असेल तर फक्त काचा करा, बाकी मी रविवारी धुतो." आता ते काचा, आरसे आणि नंबर प्लेट पुसतात, फडकी धुवून दोरीवर टाकतात.

धारेवरच्या त्या अंगठ्याएवढ्या जागेवर मी टच-अपचा हात दिलाय. दर दोन महिन्यांनी टॉर्च लावून तिची कड उचलली नाही ना ते बघतो, आणि पॉलिशचं काम निघालं की आधी तिच्यावर टेप लावतो.